छात्राध्यापकांचं बोलणंही तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बी.एड.चे छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणारे विद्यार्थी, आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष वर्गात शिकवण्याच्या सरावासाठी, शाळांत येऊ लागले की पाठ-निरीक्षणाच्या वह्या भरायला लागतात. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतरही ओळखीच्या मुख्याध्यापकांनी बोलावलं की हे पाठ ऐकायला जाते. माझ्या पाहण्यात आलेल्या वह्यांत टाचण (पाठाची लेखी तयारी), शैक्षणिक साधनं, फलकलेखन, वेळेचं नियोजन या सगळ्यांना रीतसर गुण असतात. बोलण्याचं काम मात्र ‘आवाज बरा’, ‘भाषेकडे लक्ष द्यावे’ अशा एका ओळीत उरकलेलं असतं.

एक पाठ सांगते. आठवीचा वर्ग, घटक ‘बल व दाब’. छात्राध्यापिकेनं तक्ता देखणा केला होता, दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे सूत्र फळ्यावर ठळक लिहिलं होतं. मागच्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, “बाई, म्हणूनच ट्रॅक्टरचं मागलं चाक रुंद असतंय व्हय? रानात रुतू नये म्हणून?” वजन जास्त जागेवर पसरलं की दाब कमी होतो, हे त्या पोरानं स्वतःच्या डोक्यानं जुळवलं होतं. बाई “बरं, बस खाली” म्हणाल्या आणि व्याख्या लिहून द्यायला लागल्या. पाठाला उत्तम शेरा मिळाला. त्या मुलाच्या प्रश्नाचं काय झालं, हे नोंदवायला वहीत रकानाच नव्हता. छात्राध्यापिका हुशार आणि कष्टाळू होती. पण मुलाचं बोलणं साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणायचं, त्यातलं नेमकं काय बरोबर आहे ते सांगायचं, “मग खिळ्याला टोक कशाला काढतात?” असं पुढं विचारायचं, हे तिच्याकडून कुणी करवूनच घेतलं नव्हतं.

हे आता तातडीचं का वाटतं, तेही लिहिते. शिक्षक पात्रता परीक्षा दीडशे गुणांची, सगळी बहुपर्यायी प्रश्नांची. अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी दोनशे प्रश्नांची, संगणकावर. पवित्र पोर्टल या शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळावरून मुलाखतीशिवाय होणाऱ्या भरतीत निवड गुणांवरच होते. म्हणजे उमेदवाराला तोंडातून एक वाक्यही न काढता थेट वर्गात उभं राहता येतं. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये शिक्षक घेताना वर्गात शिकवून दाखवणं किंवा मुलाखत असावी, आणि स्थानिक भाषेत शिकवण्याची सहजताही पाहावी, असं लिहिलेलं आहे. ते सगळीकडे लागू होईल तेव्हा होईल. तोवर उमेदवाराचं बोलणं वर्गात बसून ऐकण्याची जागा एकच उरते, ती म्हणजे आंतरवासिता. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे शाळेत काढायचे असतात. एवढा वेळ पुरेसा आहे.

शास्त्रही हाताशी आहे. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सरावात, सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (काय जमलं, काय चुकलं ते सांगणं), बारा मिनिटांत पुन्हा तयारी, पुन्हा सहा मिनिटांचा पाठ आणि सहा मिनिटं प्रत्याभरण, हे छत्तीस मिनिटांचं चक्र प्रत्येक छात्राध्यापकाला तोंडपाठ असतं. फ्लँडर्स या शिक्षणसंशोधकाची पद्धतही अभ्यासाला असते: वर्गात कोण बोलतंय याची दर तीन सेकंदांनी नोंद, दहा प्रकारांत. त्यातले सात प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, दोनच विद्यार्थ्यांच्या, आणि उरलेला एक शांततेचा किंवा गोंधळाचा. परीक्षेत यावर टीप लिहून मोकळं होतात. खऱ्या वर्गात बसून ही नोंद करताना मी फार थोड्या जणांना पाहिलंय. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकातच दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. मोबाइलवर पाठ ध्वनिमुद्रित केला तर हे थांबणं कुणालाही मोजता येईल. शाळेची परवानगी घ्यावी आणि ते मुद्रण फक्त छात्राध्यापकानं आणि मार्गदर्शकानं ऐकावं, बस्स.

बोलणं तपासायचं म्हणजे पुस्तकी, प्रमाण बोली तपासायची, असं कुणी समजू नये. याची मला खरी भीती वाटते. “असतंय”, “व्हय” म्हणणाऱ्या छात्राध्यापकाचे त्यापायी गुण कापले, तर गडहिंग्लज-चंदगडकडच्या, राधानगरी-शाहूवाडीकडच्या कितीतरी चांगल्या शिक्षकांना आपण नाहक मागं ढकलू. जी अडखळत बोलते पण मुलांपर्यंत नीट पोचते, तिलाही कमी लेखता कामा नये. शिरोली, इचलकरंजीच्या शाळांत घरी हिंदी बोलणारी मुलं आहेत, सीमेलगत कन्नड बोलणारी आहेत. एकच गोष्ट दोन-तीन तऱ्हांनी सांगता येते का, हे तिथं उच्चारापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. आणि पावसाळ्यात गगनबावड्याकडं पत्र्याच्या छपराखाली शिकवायचं झालं तर घसा न ताणता शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणं, हे शिकूनच येतं.

म्हणून शिवाजी विद्यापीठाच्या संलग्न शिक्षणशास्त्र महाविद्यालयांना आणि आंतरवासितेच्या शाळांना विनंती आहे, की मौखिक संप्रेषणाला वेगळे गुण ठेवा. आंतरवासितेच्या सुरुवातीला एक आणि अखेरीला एक असे दोन पाठ त्यासाठीच ऐका. एक निरीक्षक शाळेचा विषयशिक्षक असावा, दुसरा महाविद्यालयाचा. दोघांनी एकमेकांना न विचारता गुण द्यावेत आणि फार तफावत पडली तर ध्वनिमुद्रण एकत्र ऐकावं. निरीक्षकांपैकी एकानं तरी शेवटच्या बाकावर बसावं. पुढं खुर्ची टाकून बसलं की सगळंच ऐकू येतं. प्रश्न एका वाक्यात आणि स्पष्ट होता का, उत्तरासाठी थांबले का, चुकीच्या उत्तराला काय म्हणाले, मुलानं विचारलेल्याचं पुढं काय झालं, एवढं पाहिलं तरी खूप. हे निकष छात्राध्यापकांच्या हातात पहिल्या सराव पाठाआधीच पडायला हवेत, म्हणजे तयारी करायला वेळ मिळेल. पहिल्या पाठाचे गुण निकालात धरू नयेत, ते फक्त सुधारणेसाठी असावेत.

आपली,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका,
राजारामपुरी, कोल्हापूर