अर्थिंगला पाणी घाला, पण जीव त्याच्या भरवशावर ठेवू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

होळी झाली की आमच्या कागवाड-अथणी भागात माळ्यावरचे कुलर खाली येतात. वर्षभर धूळ खात पडलेला लोखंडी कुलर अंगणात धुवायचा, गवताच्या जाळ्या बदलायच्या आणि त्याच दुपारी ओल्या अंगानेच तो चालू करायचा, अशी आपली रीत आहे. वायर उंदराने कुरतडली आहे का, पंपाचा जोड ओला आहे का, अर्थिंगची हिरवी वायर जागेवर आहे का, हे कुणी बघत नाही. कित्येक कुलरांना तर दोनच पायांची पिन असते. मग उन्हाळ्यात कुठून ना कुठून बातमी येते की कुलरमध्ये पाणी घालताना शॉक बसून घरातली बाई गेली, लेकरू गेले. अशी बातमी वाचली की मला त्या रात्री झोप लागत नाही, कारण बहुतेक वेळा ते मरण टाळता येण्यासारखे असते.

मी वायरमन आहे. उमेदीची बरीच वर्षे दुबईत इमारतींच्या देखभालीच्या कामात गेली, आता गावात आहे. हे पत्र लिहिण्यामागे एकच कळकळ आहे. घराची सुरक्षा म्हणजे अर्थिंग, असे आपल्याकडे पक्के डोक्यात बसले आहे. आणि ज्या दिवसांत कुलर चालतो त्याच दिवसांत आपल्या भागातले अर्थिंग सर्वांत दुबळे असते. म्हणून प्रत्येक घरात, अगदी दोन खोल्यांच्या घरातही, ३० मिलीअँपिअरचा (म्हणजे ०.०३ अँपिअरचा) आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाईन तोडणारा स्विच, बसलाच पाहिजे.

कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही भेग अर्थिंगच्या खड्ड्याला सोडत नाही. मीठ-कोळसा घालून पुरलेल्या पाइपापासून माती सुटते आणि जी उरते ती कोरडी. ओल गेली की माती वीज वाहून नेत नाही. बेळगाव शहर आणि खानापूरकडे जांभा आहे. तिकडे पाऊस दणकून पडतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण मे महिन्यातला कोरडा जांभा काळ्या मातीपेक्षाही वाईट.

आता याचा हिशोब बघा. पावसाळ्यात अर्थिंगचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ५ ओहम आहे असे धरू. कुलरच्या पत्र्याला फेज, म्हणजे जिवंत वायर, लागली तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर करंट जमिनीत धावेल आणि १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद पडणारा बोर्डावरचा स्विच) थोड्याच वेळात पडेल. हाच रोध उन्हाळ्यात १०० ओहम झाला तर करंट उरतो फक्त २.३ अँपिअर. एमसीबीच्या दृष्टीने तो एखाद्या लहान मिक्सरएवढा. तो पडण्याचे काही कारणच नाही. पंखा फिरत राहतो, गार हवा येत राहते आणि कुलरचा पत्रा जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टवर उभा असतो. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून कुणी त्याला हात लावला तर अंगातून २०० मिलीअँपिअरच्या आसपास करंट जाऊ शकतो. माणसाचे हृदय बंद पाडायला त्याच्या निम्माही पुरतो. दहा-पंधरा मिलीअँपिअरलाच हाताची मूठ आवळते आणि धरलेली वस्तू सुटत नाही.

एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नाही. हे मी घरोघरी सांगतो, तरी लोक बोर्डावरच्या एमसीबीच्या रांगेकडे बोट दाखवून म्हणतात, “सगळं नवीन बसवलंय की!”

आरसीसीबीचे काम वेगळे आहे. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढेच तो पाहतो. मधल्या मध्ये ३० मिलीअँपिअर कुठे गळला, मग तो कुलरच्या पत्र्यातून असो की माणसाच्या अंगातून, तर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच तो लाईन तोडतो. वरच्या उदाहरणातले १०० ओहमचे मेलेले अर्थिंगसुद्धा त्याला पुरते, कारण २.३ अँपिअर त्याच्या दृष्टीने प्रचंड गळती आहे. पत्र्याला फेज लागताक्षणीच तो पडतो, कुणाचा हात लागायची वाट बघत नाही.

अर्थिंग तपासायची आपली पद्धतही दिशाभूल करणारी आहे. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावायचा आणि तो पेटला की “अर्थिंग ओके”. साठ वॅटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना जवळपास ८८० ओहम असतो. त्याच्यापुढे अर्थिंगचे १०० ओहम काहीच नाहीत. बल्बला २०० व्होल्टच्या वर मिळतात आणि तो झकास पेटतो. एलईडी बल्ब तर त्याहून वाईट अर्थिंगवर पेटेल. त्या बल्बवरून फक्त तार तुटलेली नाही एवढे कळते. खरे माप अर्थ टेस्टरनेच निघते, आणि ते मार्च-एप्रिलमध्ये घ्यायचे, ऑगस्टमध्ये नाही.

दुबईत वाळवंट आहे. कोरडी वाळू वीज नेत नाही, हे तिथे धरूनच चालतात. रॉड खोल घालतात, आणि त्यावर न थांबता घरातल्या प्लगच्या सर्किटला ३० मिलीअँपिअरचे गळती-संरक्षण वायरिंगच्या नियमानेच लावतात. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला तिथल्या सरकारची बंदी असते. एवढ्या उन्हात घरोघरी दिवसरात्र एसी चालतात. आपला भाग वाळवंट नाही हे खरे. पण एप्रिल-मेमधल्या अथणीच्या कोरड्या मातीला ते माहीत नाही, आणि शॉकलाही.

उन्हाने वायरचेही बळ कमी होते. दुबईत वापरात असलेल्या ब्रिटिश तक्त्यांत ३० अंश हवा धरून वायरचा करंट दिलेला असतो. हवा ५० अंशांवर गेली की साध्या पीव्हीसी वायरला तो ०.७१ ने गुणायचा. म्हणजे २० अँपिअरची वायर १४ ची होते. आपल्याकडे बाहेर ३९-४० अंश असले तरी पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर, जिथून आपण वायरी ओढतो, तिथली दुपार वाळवंटापेक्षा वेगळी नसते. त्याच माळ्यावर वायरींना पीळ देऊन वर टेप गुंडाळलेले जोड असतात. टेपचा डिंक वितळतो, टेप सुटते, तांबे उघडे पडते. जोड माळ्यावर ठेवूच नका. ठेवावाच लागला तर जंक्शन बॉक्समध्ये, कनेक्टरने.

२०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंतच्या बिलाची धास्ती गेली, ते चांगलेच झाले. पण मी बघतो, घरात कुलर आला, फ्रीज आला, कुठे एसीही आला, आणि भिंतीतली वायर मात्र ट्यूब-पंख्याच्या काळातली. मग एमसीबी वारंवार पडतो आणि कुणीतरी १६ चा काढून ३२ चा बसवतो. कृपा करून असे करू नका. एमसीबी पडतो म्हणजे वायर तापते आहे. प्लग हाताला गरम लागणे, बोर्ड पिवळट पडणे, जळका वास येणे ही ढिल्या स्क्रूची लक्षणे आहेत. मेन बंद करून तो आवळला तर पाच मिनिटांचे काम. दुर्लक्ष केले तर घर जाते. एसी असेल तर उन्हाळ्याआधी बाहेरचे युनिट पाण्याने धुऊन घ्या, अर्थात मेन बंद ठेवून. ऊस गाळपाच्या हंगामातली धूळ आणि काजळी त्याच्या पात्यांत बसलेली असते. हवा मिळाली नाही की कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो.

आरसीसीबी बसवलेली घरेही मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी तो बाजूला काढून थेट जोडणी केलेली सापडली. कारण विचारले तर उत्तर ठरलेले: “सारखा पडतो हो.” तो सहसा खोटा पडत नाही. कुठेतरी गिझरची कॉइल गळते आहे, कुठे दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले आहेत, कुठे इन्व्हर्टर जोडताना न्यूट्रल चुकला आहे. आणि काही ठिकाणी, लिहितानाही अंगावर काटा येतो, न्यूट्रल तुटला म्हणून अर्थिंगलाच न्यूट्रल करून घर चालवले आहे. अशा घरात जमिनीतला खड्डा कोरडा पडला की सगळ्या उपकरणांचे पत्रे एकदम जिवंत होतात. दोष शोधायचा असेल तर आधी सगळे प्लग उपसून काढा. नुसते एमसीबी पाडून भागत नाही, कारण एकेरी एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. मग आरसीसीबी वर करून एकेक वस्तू लावत जा. जिच्यावर पडेल ती दोषी. एकही प्लग नसताना पडत असेल तर दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे, तेव्हा परवानाधारक वायरमनला बोलवा. दोष दुरुस्त करा, पहारेकरी काढू नका.

बसवताना इन्व्हर्टर एसी किंवा नवीन वॉशिंग मशीन असेल तर ‘ए’ टाइपचा मागा. दुकानात सहसा ‘एसी’ टाइप पुढे करतात, पण त्या नावाचा थंड हवेच्या एसीशी संबंध नाही. संवेदनशीलता ३० मिलीअँपिअरच हवी. १०० किंवा ३०० चा आगीपासून बचावाला ठीक, माणसाच्या बचावाला नाही. घरगुती आरसीसीबी साधारण दोन-अडीच हजारांत येतो, कुलरच्या किमतीहून कमी. त्यावर ‘टी’ असे लिहिलेले बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबायचे. लाईट गेली तर यंत्र जिवंत आहे. मात्र त्या बटणाने अर्थिंगची परीक्षा होत नाही, आणि कुणी एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर आरसीसीबीलाही कळणार नाही, हेही सांगून ठेवतो.

आमच्याकडची मुले आखातातून येताना इस्त्री, किटली आणतात. त्यांना तीन चपट्या पायांचा प्लग असतो आणि त्याच्या पोटात फ्यूज. इथे आल्यावर लोक तो कापून दोन पायांची पिन लावतात, किंवा रस्त्यावरचा स्वस्त अडॅप्टर घेतात, ज्यात अर्थचा पाय कुठेच टेकत नाही. इस्त्री अर्थिंगशिवाय वापरायची वस्तू नाही. प्लग बदलायचाच तर १६ अँपिअरचा तीन पायांचा लावा आणि हिरवी-पिवळी वायर मोठ्या पायाला जोडा.

आणखी एक. पत्र्याच्या शेडच्या अँगलला बांधलेली कपडे वाळत घालायची तार आजच सोडा आणि नायलॉनची दोरी बांधा. खांबावरून घरात येताना शेडवरून गेलेल्या सर्व्हिस वायरचे आवरण उन्हाने तडकले की आधी पत्रा, मग ती तार आणि मग ओले कपडे, असा करंट हातापर्यंत येतो. कुणाला शॉक बसलेला दिसला तर त्याला ओढू नका. मेन बंद करा, ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर सारा, श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहा आणि १०८ ला फोन लावा. तुटलेल्या तारेची खबर १९१२ वर द्या.

माझ्या आपल्यामार्फत काही मागण्या आहेत. ग्रामपंचायतींनी किंवा गावच्या सोसायट्यांनी एक चांगला अर्थ टेस्टर विकत घ्यावा आणि दरवर्षी मार्च महिन्यात गावातल्या वायरमनांना पाळीपाळीने वापरायला द्यावा. एकट्या वायरमनला तो परवडत नाही, म्हणून तर बल्ब लावून भागवले जाते. आणि वीजसुरक्षेची पत्रके, सूचना कन्नडबरोबर मराठीतही छापून घरोघरी द्याव्यात. निपाणी, खानापूर, कागवाडकडच्या कित्येक आयाबायांना फक्त मराठीच वाचता येते, आणि कुलरमध्ये पाणी त्याच घालतात. शाळांनीही सुट्टी लागण्याआधी मुलांकडून घरातले ‘टी’ बटण दाबून घ्यावे. ज्या घरात ते बटणच सापडणार नाही, त्या घराचे नाव शिक्षकांनी पंचायतीला कळवावे.

आपला नम्र,
एक वायरमन,
शेडबाळ, ता. कागवाड, जि. बेळगाव