ओकापीला कुंपणात का ठेवायचं?

धनकवडी, पुणे

प्रिय सुधीर,

तुझं पत्र मिळालं. मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा तिथल्या वन्यजीव उद्यानात काढलेले ओकापीचे फोटो तुला पाठवले, तर तू एका ओळीत विषय संपवलास: 'जनावर देखणं आहे, पण कुंपणात कशाला डांबलंय?' प्रश्न रास्त आहे. फोनवर बोलून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

पायांवरचे पट्टे बघून तुला झेब्रा आठवला, पण ओकापी जिराफाच्या कुळातला. त्या कुळात आज हे दोघेच उरलेत. रानात तो एकाच देशात सापडतो, काँगो लोकशाही प्रजासत्ताकात, तोही मुख्यतः इतुरीच्या घनदाट जंगलात. बाहेरच्या जगाला त्याची ओळख पटली ती थेट १९०१ साली. एवढं मोठं जनावर इतकी वर्षं कुणा शास्त्रज्ञाच्या नजरेस पडलं नाही, यावरून ते किती लाजाळू असेल बघ!

आम्ही गेलो तेव्हा मादी बराच वेळ झाडोऱ्याआड होती. लोक कुरकुरत निघून गेले. मला मात्र तिला लपायला जागा ठेवलीय हेच आवडलं. मग तिची देखभाल करणारी मुलगी विलोच्या ताज्या फांद्या घेऊन आली, तशी ती पुढे झाली. काळपट निळी, वीतभराहून लांब जीभ बाहेर काढून तिने डहाळीला विळखा घातला आणि एका ओढीत पानं ओरबाडली. नंतर त्याच जिभेने स्वतःचा कान आतून पुसून घेतला! त्या मुलीने तिच्या मानेवरून हात फिरवून तळवा मला दाखवला. तेलकट झाला होता. या तेलामुळेच पावसाचं पाणी अंगात मुरत नाही.

जन्मभर गुरांची डॉक्टरकी केल्यामुळे पिल्लाचं मी खोदून खोदून विचारलं. गाभण काळ चौदा-पंधरा महिन्यांचा. जन्मल्यावर पिल्लू एका आडोशाला दडून बसतं आणि महिनाभर, कधी त्याहूनही जास्त, शेणच टाकत नाही. आपल्याकडे वासराने दोन दिवस शेण टाकलं नाही तर गोठ्यात धावपळ उडते. इथे मात्र तीच निरोगीपणाची खूण, कारण शेणाचा वास नाही तर बिबट्याला माग नाही. आई त्याच्याशी इतक्या खालच्या सुरात बोलते की माणसाच्या कानाला ते ऐकूच येत नाही. त्यामुळे या दिवसांत माणसांनी दूर राहायचं आणि लक्ष ठेवायचं ते कॅमेऱ्यातून. जनावर समजून घेऊन केलेली ही शुश्रूषा आहे, सुधीर. डांबणं म्हणजे हे नव्हे.

आता तुझा मुद्दा. इतुरीत १९९२ साली ओकापी अभयारण्य झालं, १९९६ साली ते जागतिक वारसा ठरलं आणि पुढच्याच वर्षी धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेलं. शिकाऱ्यांचे फासे, सोन्याच्या बेकायदा खाणी, जंगलतोड आणि वर बंदूकधारी टोळ्या. २४ जून २०१२ रोजी अशाच एका टोळीने अभयारण्यातल्या एपुलू गावच्या संवर्धन केंद्रावर हल्ला केला. माणसं मारली आणि तिथले चौदाच्या चौदा ओकापी गोळ्या घालून संपवले. वाचताना माझ्या घशाशी आवंढा आला होता. दुसऱ्याच वर्षी हा प्राणी 'संकटग्रस्त' ठरला. एका सकाळीत एवढं होऊ शकतं, म्हणून जंगलाबाहेरही काही कळप... नाही, कळप म्हणणं चूक, कारण हा एकट्याने राहणारा प्राणी आहे. तर काही निरोगी वंश सांभाळलेला हवा. कुणाची जोडी कुणाशी लावायची, हे वंशावळीची नोंदवही बघून ठरतं. ती वही बेल्जियममधलं अँटवर्पचं प्राणिसंग्रहालय सांभाळतं.

तुझं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. नुसता दाखवायला ओकापी ठेवायचा आणि इतुरीकडे ढुंकून बघायचं नाही, असं कुणी करत असेल तर त्याला माझाही विरोध राहील. पण १९८७ पासून तिथे ओकापी संवर्धन प्रकल्प चालू आहे. वनरक्षकांना पाठबळ, शेतकऱ्यांना रोपं, शाळांना मदत अशी कामं तो करतो, आणि ओकापी सांभाळणारी अनेक उद्यानं त्याला पैसा पुरवतात. आपल्या गिधाडांचंच आठव. हरियाणात पिंजोरच्या केंद्रात पिल्लं वाढवली, पण ज्या वेदनाशामक औषधामुळे मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरत होती, त्या गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदीही आणावी लागली. दोन्ही आघाड्या लागतात. एकीवर भागत नाही.

१८ ऑक्टोबरला जागतिक ओकापी दिन असतो. आमच्या भागातल्या शाळेत मी त्या दिवशी मुलांशी बोलणार आहे. मला तुझ्या हातचं मोठं चित्र हवंय, खऱ्या मापाचं: खांद्यापाशी साधारण दीड मीटर. पट्टे मांड्यांवर आणि पुढच्या पायांच्या वरच्या भागावर, अंग गडद तपकिरी. मादी काढलीस तर शिंगं नकोत, ती फक्त नराला असतात. कागद आणि रंगांचा खर्च माझा. दसऱ्याच्या सुमारास पुण्यात येशील तेव्हा घेऊन ये.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक