चौथ्या मजल्यावरचा रिपोर्ट खाली कोण आणणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकात पहिल्या पानावर ‘मुलांचे सर्व उपचार आता एकाच छताखाली’ ही बातमी वाचली. काल दिवसभर ती डोक्यातून गेली नाही, म्हणून आज दुपारी लिहायला बसले. एका छताखाली मी माझ्या लेकीला घेऊन गेली ९ वर्षं फिरते आहे. छताची अडचण आम्हाला कधीच नव्हती.

लेक जन्मली तेव्हा पाठीवर उघडी गाठ होती. स्पायना बायफिडा, म्हणजे पोटात असतानाच पाठीचा कणा नीट न मिटणं, हा शब्द मी बाळंतिणीच्या खाटेवर पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या दिवशी पाठीचं ऑपरेशन झालं, दीड महिन्याची असताना डोक्यात पाणी साठलं म्हणून शंट, म्हणजे ते पाणी काढून देणारी नळी, बसवला. कंबरेखाली संवेदना कमी, पाय वाकडे, लघवीची जाणीव नाही. दर ४ तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. आता ती स्वतःची स्वतः काढायला शिकते आहे. म्हणजे न्यूरोसर्जरीचा बुधवार, युरॉलॉजीचा सोमवार, ऑर्थोचा शुक्रवार, शिवाय फिजिओ. कराडहून पुणे, प्रत्येक वेळी एसटीने. कोणत्याच डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनीच तिला जगवलं. पण यातला कुणी दुसऱ्याचा कागद बघत नाही. प्रत्येक खिडकीवर नवा केसपेपर आणि प्रत्येक नव्या निवासी डॉक्टरला पहिल्यापासून सगळी कहाणी. फायलींची पिशवी एकदा वाण्याच्या काट्यावर ठेवली होती, पावणेचार किलो भरली.

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट सांगते. उजव्या पायाच्या ऑपरेशनसाठी ऑर्थोने तारीख दिली. आदल्या दिवशी भरती झालो. रात्री १२ पासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नाही. सकाळी १० वाजता ट्रॉली ऑपरेशन थिएटरच्या दारात, तिला हिरवा गाऊन घातलेला, आणि भूलतज्ज्ञ मॅडमनी विचारलं, ‘‘युरिन कल्चरचा रिपोर्ट कुठे आहे?’’ कल्चर म्हणजे लघवीतल्या जंतूंची तपासणी, ती १२ दिवसांपूर्वी केली होती, त्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर. ऑर्थो दुसऱ्या मजल्यावर. सिस्टर म्हणाल्या, ‘‘तुम्हीच वरून घेऊन या.’’ लिफ्टसमोर रांग, म्हणून मी जिन्याने धावत गेले. खिडकीवर कुणी नाही. मग म्हणाले डॉक्टर ओटीत आहेत, मग म्हणाले प्रिंटर बंद आहे. पावणेबाराला कागद हातात आला. त्यात जंतुसंसर्ग निघालेला. रिपोर्टवरची तारीख बघितली तर तो ९ दिवसांपूर्वीच तयार झाला होता. ९ दिवस तो वर पडून होता, कारण तो वाचून खाली कळवणं हे कुणाचंच काम नव्हतं. औषध तेव्हाच सुरू झालं असतं तर ऑपरेशन त्याच दिवशी झालं असतं.

पण मला झोप लागत नाही ती याच्यामुळे नाही. मी वर होते तेवढ्या वेळात इकडे सलाइन लावायला एक सिस्टर आल्या. नव्या होत्या, हातात रबरी मोजे. माझ्या मुलीला लेटेक्सची, म्हणजे रबराची, ॲलर्जी आहे. या आजाराच्या मुलांत ती बऱ्याच जणांना होते, कारण जन्मापासून ऑपरेशनं आणि नळ्यांमुळे रबराशी संबंध येत राहतो. युरॉलॉजीच्या मोठ्या सरांनी त्यांच्या केसपेपरवर हे लाल पेनाने लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. ऑर्थोच्या केसपेपरवर त्यातलं काही नाही. लेकीने स्वतः सांगितलं, ‘‘सिस्टर, मला रबर चालत नाही.’’ त्या प्रेमानेच म्हणाल्या, ‘‘काही होत नाही बाळा, एक मिनिट.’’ मी खाली आले तेव्हा तिच्या हातापासून मानेपर्यंत गांधी उठल्या होत्या आणि ओठ सुजले होते. भूलतज्ज्ञ मॅडमनी ताबडतोब इंजेक्शन दिलं, श्वासावर काही आलं नाही, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ऑपरेशन रद्द झालं. पुढची तारीख ७ आठवड्यांनी. रात्री वॉर्डात ती मला म्हणाली, ‘‘आई, मी सांगितलं होतं गं. मोठ्याने सांगितलं होतं.’’

संपादक महोदय, ९ वर्षांची मुलगी ट्रॉलीवर पडून आपली फाईल तोंडाने सांगते आहे आणि तुमची बातमी छताचं कौतुक करते आहे.

हे जमणारच नाही असं कुणी म्हणू नये. लसीकरणाचं कार्ड बघा. माहेरी गेलं तरी तिथली नर्स तेच कार्ड उघडते आणि कुठला डोस राहिला ते एका नजरेत सांगते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, मंजुरीचे कागद तो बघतो. म्हणजे ऑपरेशनच्या कागदांमागे फिरायला माणूस आहे, मुलामागे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासून उपचार मिळवून देण्यासाठी. त्याचं पथक आमच्या शाळेत आलं होतं. मॅडमनी विचारलं, ‘‘हिचं ऑपरेशन झालंय ना?’’ मी हो म्हटलं. त्यांनी तसं लिहिलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. अशा मुलाचं एक ऑपरेशन झालं म्हणजे काम संपत नाही हो, तिथून सुरू होतं. सगळे रिपोर्ट ऑनलाइन एकत्र जोडता यावेत म्हणून असलेलं सरकारी आभा कार्डही काढलं आहे, त्यातले १४ आकडे लेकीला पाठ आहेत. तरी चौथ्या मजल्यावरचा रिपोर्ट आजवर एकदाही दुसऱ्या मजल्यावर आपोआप आलेला नाही.

मला नवी इमारत नको. अशा प्रत्येक मुलामागे एक माणूस हवा. डॉक्टरच हवा असं नाही, समजूतदार सिस्टर चालेल, समाजसेवा विभागातल्या ताई चालतील. त्यांचा एक फोन नंबर असावा. सोमवार आणि बुधवारच्या तारखा त्यांनी एकाच आठवड्यात घालून द्याव्यात, म्हणजे माझ्या नवऱ्याचा टेम्पो महिन्यात सहा दिवस उभा राहणार नाही. आणि फाईलच्या पहिल्या पानावर आजार, शंट, औषधं, ॲलर्जी एवढं सगळ्यांना दिसेल असं लिहिलेलं असावं.

आणखी एक, याच बातमीबद्दल. सोबत छापलेल्या फोटोत व्हीलचेअरवरच्या मुलाचा चेहरा स्पष्ट दिसतो आणि खाली त्याचं नाव, गाव, आजार सगळं आहे. त्याच्या आईला विचारलं होतं का? ३ वर्षांपूर्वी एका शिबिरातला माझ्या लेकीचा फोटो असाच एका वर्तमानपत्रात आला होता, ‘लघवीवर नियंत्रण नसलेली चिमुकली’ अशा ओळीसकट. वर्गातल्या एका मुलाने तो कापून शाळेत आणला. ती आठ दिवस शाळेत गेली नाही. कृपा करून मुलांचे चेहरे छापू नका. छापायचेच असतील तर आजार छापू नका.

येत्या शुक्रवारी पुन्हा ऑपरेशनची तारीख आहे. तिच्या वहीतलं एक पान घेऊन मी सगळं मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, सगळ्यात वर ‘रबरी मोजे चालत नाहीत’. सहा झेरॉक्स काढल्या आहेत. एक फायलीला, एक खाटेला, एक ट्रॉलीला आणि एक तिच्या गाऊनला पिनेने लावणार आहे. उरलेल्या दोन तिने स्वतःकडे ठेवल्या आहेत.

आपली,
एक आई, कराड
(नाव छापू नये, ही विनंती.)