त्या एका रुपयाबद्दल, काका

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार मनात ठेवून गप्प बसणं मला जमणार नाही. शिवाय माझ्यासारखी, छोट्या सहकारी बँकेच्या सर्व्हर रूममध्ये रात्री एकट्याने बसणारी बरीच माणसं आहेत. त्यांनीही वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

फेब्रुवारीतल्या त्या रात्री आमचा डे-एंड, म्हणजे दिवसअखेरीचा हिशेब, मध्येच कोसळला. कर्जाचे हप्ते काही खात्यांना लागले, काहींना नाही. मी तरीही निर्धास्त होते, कारण स्टोरेजवर, म्हणजे डेटा ठेवायच्या डिस्कवर, रोज रात्री नऊला व्हॉल्यूमची (डिस्कवरच्या एकेका कप्प्याची) कॉपी निघत होती आणि वर्षभर रोज सकाळी तिच्यापुढे हिरवी खूण दिसत होती. कॉपी जोडली, डेटाबेस उघडायला गेले, तर उघडेचना. डेटाचे चार व्हॉल्यूम आणि रीडो लॉगचा, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीचा, एक, अशा पाच कॉप्या होत्या आणि पाचही वेगवेगळ्या मिनिटांच्या. शेवटी आदल्या दिवशीच्या बॅकअपची टेप आणि त्यावर आर्काइव्ह लॉग (त्याच नोंदींच्या साठवलेल्या प्रती) लावत लावत दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. शाखांमध्ये पेन्शनवाले काउंटरसमोर ताटकळत बसले होते, आणि मी ते कॅमेऱ्यावर बघत होते. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

ज्यांनी हे सगळं बसवून दिलं होतं त्यांच्याबद्दल थोडंच लिहिते. आले, माझ्या मशीनचा ताबा घेतला, अर्ध्या तासात कामं उरकून सही घेऊन गेले. घोटाळा झाल्यावर उत्तर आलं, ‘सेटिंग नियमाप्रमाणेच आहे’, आणि माझ्या तक्रारीचं तिकीट बंद. मी ते पुन्हा उघडलं, त्यांनी पुन्हा बंद केलं. वर्षभरात एकदाही कॉपी उघडून बघितली नाही ही चूक माझी, ती मी साहेबांसमोर कबूल केली. पण ‘ती उघडून बघायची असते’ एवढं वाक्य बोलायला त्या लोकांना किती वेळ लागला असता?

मार्च तोंडावर आलेला. वर्षअखेरीच्या नुसत्या विचाराने माझी झोप उडाली होती. सहकारी मैत्रीण म्हणाली, ‘पुण्याला माझे मामा आहेत, जन्मभर स्टोरेजमध्येच काम केलंय, आता रिटायर झालेत, विचार त्यांना.’ मी घाबरत घाबरत फोन केला आणि बोलता बोलता रडले. तुम्ही रडू दिलंत. मग विचारलंत, ‘ताई, त्या रात्री नऊ ते साडेनऊमध्ये डेटाबेसवर काय काय चालू असतं?’ इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

पुढचे तीन रविवार तुम्ही फोनवर बसलात. रिमोटने आत या म्हटलं तर नको म्हणालात, ‘कीबोर्ड तुमच्याच हातात राहू द्या, उद्या मी नसेन.’ अशा कॉपीला आयबीएमवाले फ्लॅशकॉपी म्हणोत, हिताचीवाले थिन इमेज म्हणोत, तुम्ही नावांत अडकलाच नाहीत. सातबाऱ्यावरून समजावलंत. नवा फेरफार झाला की जुनं नाव कंसात जातं, पण वाचता येतं. तसंच मूळ व्हॉल्यूमवरच्या एखाद्या ब्लॉकवर, म्हणजे छोट्या तुकड्यावर, कॉपीनंतर पहिल्यांदा लिहायची वेळ आली की आधी जुना ब्लॉक राखीव जागेत उतरवून घ्यायचा. म्हणून कॉपी क्षणात निघते, आणि म्हणूनच ती राखीव जागा भरली की कॉपी हातची जाते. ३१ मार्चला व्याज पडलं की जवळजवळ प्रत्येक खातं बदलतं, आणि रोजच्या अंदाजाने ठेवलेली जागा त्या रात्री पुरली नसती! आम्ही ती आधीच वाढवली. आणि पाच व्हॉल्यूम एकाच कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये घेतले, म्हणजे पाचांवरचं लिहिणं एकदम क्षणभर थांबतं आणि पाचांची कॉपी त्याच क्षणाची निघते. ‘पाच भावंडांचे पाच दिवशी फोटो काढून शेजारी शेजारी चिकटवले, तर तो घरचा फोटो होत नाही,’ हे तुमचं वाक्य मी ज्युनिअर मुलांना जसंच्या तसं सांगते. टेप बंद करू नका, ही कॉपी त्याच डिस्कवर बसलीय, डिस्क गेली तर दोन्ही जातील, हेही तुम्ही तीनदा सांगितलंत.

पण मला लिहायचंय ते तिसऱ्या रविवारबद्दल.

कॉपी निघाली. तुम्ही म्हणालात, ‘तुमचा यूपीआय नंबर द्या.’ मला कळेना. मिनिटभरात फोन वाजला, माझ्या खात्यात एक रुपया जमा. मग तुम्ही कॉपी टेस्ट सर्व्हरवर जोडायला लावलीत. डेटाबेसने लॉग वाचून स्वतःला सावरलं आणि या वेळी तो उघडला. ‘आता दोन्हीकडे स्वतःचं खातं काढा.’ मी दोन खिडक्या शेजारी शेजारी लावल्या. चालू सिस्टीममध्ये शिल्लक एक रुपयाने जास्त. कॉपीत तो रुपया नव्हता, तिथे अजून नऊ वाजलेले होते. तो थांबलेला क्षण मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं.

नंतर व्यवहाराचा तपशील उघडला. रिमार्कमध्ये इंग्रजी अक्षरांत तुम्ही लिहिलं होतं, ‘घाबरू नका’.

काका, कामाचे जाणकार पुष्कळ भेटतात. समोरचा माणूस घाबरलाय हे ओळखून आपलं ज्ञान त्याच्या हातात सावकाश ठेवणारे किती भेटतात? मानधनाचं विचारलं तर तुम्ही रागावलात. माझ्या एकाही प्रश्नावर ‘एवढंही माहीत नाही?’ म्हणाला नाहीत, आणि ‘हे कुणी केलं?’ असंही कधी विचारलं नाहीत. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांच्या बँका सकाळी वेळेवर उघडतात. सही घेऊन निघून जाणाऱ्यांनी तुमच्याजवळ एक रविवार बसावं असं मला मनापासून वाटतं.

३१ मार्चची रात्र सुखरूप पार पडली. कॉपीला हात लावावा लागला नाही. सव्वादोनला तुमचा मेसेज आला, ‘झालं का?’ म्हणजे तुम्हीही जागेच होतात.

आता दर रविवारी आम्ही कॉपी जोडून खाती उघडून बघतो, आणि त्याआधी कुणीतरी कुणाला तरी एक रुपया पाठवतं. तुमचा तो रुपया मी पासबुकात छापून घेतलाय. सांगलीला आलात की जेवायलाच या, तेव्हा दाखवते.

तुमची,
सर्व्हर रूममधली ताई