चाचणी उड्डाणात कॅमेरा हवाच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चारकोपच्या गच्चीवर बांधलेले अमोल यादव यांचे विमान २०२०मध्ये धुळ्यात उडाले, तेव्हापासून घरी विमान बांधू पाहणारी मुले मला फोन करतात. छोट्या विमानांच्या देखभालीत मी तीस वर्षे काढली. इंजिन कोणते घ्यावे, परवानगी कशी मिळते, हे सगळे विचारतात. पहिल्या उड्डाणांत काय टिपून ठेवायचे, हे कोणी विचारत नाही.

पहिल्या चाचण्यांना वैमानिक एकटाच जातो. आमच्या वेळी तो मांडीवरच्या पॅडवर पेन्सिलीने वेग, उंची लिहून आणायचा. विमान बिथरले त्या क्षणाची ओळ मात्र कोरी असायची, कारण तेव्हा हात स्टिकवर असायचे. अशाच एका कागदावर मी दोन दिवस डोके खपवले. डावा पंख आधी का पडला, हे शेवटपर्यंत कळले नाही.

आज काही हजारांच्या कॅमेऱ्यात ते दिसले असते. पंखावर बोटभर लांबीचे लोकरीचे धागे टेपने चिकटवायचे आणि कॅमेरा त्यांच्यावर रोखायचा. हवा पंखाला धरून वाहते तोवर धागे मागे सरळ पडलेले राहतात. स्टॉल, म्हणजे हवा पंखापासून सुटून पंखाची उचल कोसळण्याची वेळ, जवळ आला की ते थरथरतात, मग उलटे वळतात. ही गडबड पंखाच्या मुळाशी आधी व्हावी; टोकाशी झाली तर एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलते करणाऱ्या पंखाच्या टोकाजवळच्या हलत्या पट्ट्या, ऐन वेळी दगा देतात. दुसरा कॅमेरा वैमानिकाच्या खांद्यामागून पॅनेल आणि हात टिपणारा असावा. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी अमेरिकेतल्या मोहावीच्या वाळवंटावर स्पेसशिप-टू हे अंतराळ पर्यटनासाठी बनवलेले यान चाचणीत कोसळले. शेपटी वर वळू न देणारे कुलूप ध्वनीच्या १.४ पट वेगाला उघडायचे, ते ०.८ पटीलाच उघडले गेले होते. कॉकपिटमधल्या चित्रणामुळे तपास करणाऱ्यांना हे काही दिवसांतच समजले.

बाहेरचा कॅमेरा मात्र जपून लावावा. तो स्वतःच हवेचा प्रवाह बिघडवतो आणि सुटला तर शेपटीवर आदळू शकतो. तारेने बांधलेला असलाच पाहिजे. चित्रणात प्रोपेलर वाकडा दिसला म्हणून घाबरू नये. कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो, त्याचा तो परिणाम.

अशा विमानांना उड्डाणाची परवानगी देताना डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) चाचणी अहवालासोबत न कापलेले मूळ चित्रणही मागावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त विमान तंत्रज्ञ, पुणे