मा. आरोग्यमंत्री साहेब, लकव्याचा पेशंट घरी गेल्यानंतरचं पण बघा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

साहेब, आमच्या अण्णांना (वय 63, शेती) मागच्या दिवाळीआधी लकवा मारला, उजवी बाजू गेली. 108 वेळेत आली, साडेचार तासांच्या आत मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन मिळालं, अ‍ॅडमिट असतानाचा खर्चही महात्मा फुले योजनेत निघाला, त्याबद्दल आभारच आहेत. पण डिस्चार्जच्या वेळी व्यायामाचा एक झेरॉक्स कागद हातात ठेवला आणि विषय संपला.

दोन महिने घरीच हात वरखाली करत बसलो. मनगट काही उठेना, अण्णा म्हणायला लागले हात मेला, आता नाद सोडा. मग एका प्रायव्हेट फिजिओकडे गेलो, तिथल्या मॅडमनी कोपराखाली स्पिरिटने पुसलं, तीन पॅड चिकटवले आणि म्हणाल्या, काका, मनगट उचला. मनगट जागचं हललं नाही पण स्क्रीनवरची रेघ उठली आणि मशीन वाजलं. अण्णा बघतच राहिले. म्हणाले, "म्हणजे मोटर चालूय, पाणी वर येईना."

याला बायोफीडबॅक म्हणतात. स्नायूतला करंट मायक्रोव्होल्टमधे असतो, पेशंटला तो कळतच नाही, मशीन तो रेघेत आणि आवाजात दाखवतं, मग कसा जोर लावला की सिग्नल जातो हे माणूस स्वतःच शोधतो आणि मॅडम टार्गेटची लाईन हळूहळू वर सरकवतात. बोटं आवळून बसतात ना, तिथे उलटं, सैल सोडून आवाज बंद करायचा. चालताना पाऊल लोंबतं त्यासाठी पण वापरतात. 1960 च्या दशकापासूनचं तंत्र आहे हे, नवीन काही नाही.

जादू नाही हेही सांगतो. यावरचे बरेच अभ्यास छोटे आहेत, सगळ्यांना फायदा झाला असं नाही आणि नेहमीचा व्यायाम सुटत नाहीच. अण्णांचं मनगट आता टेबलावरून चार बोटं उठतं, चहाचा कप अजून डाव्याच हातात. पण व्यायाम कर म्हणून मागे लागावं लागत नाही, हे घरातल्यांना विचारा.

एका वेळेचे 400 रुपये, जीपचं भाडं वेगळं आणि माझा खाडा. शेवटी आठवड्यातून एकदाच नेतो. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था 1955 पासून आहे, पण मनगट उचलायला रोज मुंबईला कोण जाणार?

आणि गंमत बघा, आमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात असंच मशीन आहे, निळ्या कव्हरखाली. विचारलं तर म्हणे पॅड संपलेत आणि फिजिओची पोस्ट रिकामी आहे. नवीन मशीन घेऊन फीत कापू नका साहेब, आधी ती पोस्ट भरा, पॅड दर महिन्याला येतील असं बघा, आणि डिस्चार्जनंतरचे तीन महिने तरी फिजिओचा खर्च योजनेत घ्या. कव्हर काढलं की कळवा, अण्णांना पहिल्या दिवशी घेऊन येतो.

आपला,
लकव्याच्या एका पेशंटचा मुलगा