संकल्पना नकाशातल्या रेषेवर शब्द हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत ‘पुढील संकल्पनाचित्र पूर्ण करा’ असा प्रश्न येतो. मध्ये एक चौकट, तिच्यातून निघालेल्या रेषा, टोकाला रिकाम्या जागा. मुलाने नावे आठवून लिहिली की गुण मिळाले. भाषेच्या कृतिपत्रिकेतही अशा आकृत्या आता रुळल्या आहेत. माझी तक्रार आकृतीबद्दल नाही, तिच्यातल्या मुक्या रेषांबद्दल आहे. दोन चौकटींचे एकमेकींशी नाते काय, हे त्या रेषा मुलाला कधीच विचारत नाहीत.

संकल्पना नकाशा म्हणजे एखाद्या विषयातल्या कल्पना चौकटींत लिहून रेषांनी जोडलेली आकृती. मूळ संकल्पना नकाशात सगळा जीव त्या रेषेवरच्या शब्दात असतो. ‘मुळे’ आणि ‘पाणी’ यांच्यामध्ये नुसती रेष ओढून काही कळत नाही. तिच्यावर ‘शोषून घेतात’ असे लिहिले की वाक्य तयार होते आणि ते बरोबर की चूक हे तपासता येते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ही पद्धत बसवली, ती मुळात मुलांना काय कळले आहे ते पाहण्यासाठीच. मुलांच्या मनातल्या विज्ञानाच्या कल्पना कशा बदलत जातात, याचा त्यांचा बारा वर्षांचा अभ्यास तेव्हा चालू होता. मुलाखतींच्या ढिगातून तो बदल नजरेत भरेना, म्हणून त्यांनी मुलांचे बोलणे नकाशात मांडायला सुरुवात केली. यामागचा विचार मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांचा: मुलाला आधीपासून काय ठाऊक आहे ते शोधा आणि त्यावरून शिकवा. आपल्याकडे मात्र हा नकाशा धड्याचा सारांश म्हणून वर्गाच्या भिंतीवर जाऊन बसला.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या विचारली तर बहुतेक मुले ती बिनचूक लिहितात. हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, कार्बन डायऑक्साइड, पाणी, सगळे जागच्या जागी. त्याच मुलांना माती, मुळे, पाने, हवा, अन्न, श्वसन असे दहा-बारा शब्द द्या आणि कोऱ्या कागदावर जोडायला सांगा. मातीपासून अन्नाकडे रेष जाते आणि तिच्यावर लिहिलेले असते ‘झाडाला देते’. श्वसनापुढे ‘फक्त रात्री होते’ असे येते. व्याख्येला पूर्ण गुण मिळालेले असतात, पण झाड आपले अन्न मातीतून घेते ही चुकीची समजूत तशीच असते. ती लेखी उत्तरात दिसत नाही, रेषेवर दिसते. दुसऱ्या दिवशी काय शिकवायचे हे मला त्या कागदावरून कळते. ऐंशी टक्के गुण पाहून ते कळत नाही.

गुण कसे द्यायचे, हा प्रश्न शिक्षक लगेच विचारतील आणि तो रास्त आहे. नोव्हाक आणि बॉब गोविन यांनी १९८४ मध्ये एक रीत सुचवली होती: प्रत्येक बरोबर जोडणीला १, व्यापक कल्पनेकडून बारीक कल्पनेकडे उतरणाऱ्या उतरंडीच्या प्रत्येक पायरीला ५, दोन वेगळ्या भागांना सांधणाऱ्या अर्थपूर्ण जोडणीला १०. मला पायऱ्या मोजण्यात फारसे हशील वाटत नाही, कारण प्रत्येक विषय उतरंडीत बसत नाही. पण दूरची जोडणी मोलाची, हे मात्र पटते. श्वसनातला कार्बन डायऑक्साइड प्रकाशसंश्लेषणाला जोडणाऱ्या मुलाला धडा कळलेला असतो. मारिया अरासेली रुईझ-प्रिमो आणि रिचर्ड शॅव्हलसन या शिक्षण संशोधकांनी १९९६ मध्ये बजावले होते की नकाशा काढायला काय सांगितले, मुलाने तो कसा मांडला आणि तो कसा तपासला, या तिन्ही गोष्टी मिळून मूल्यमापन ठरते. रिकाम्या जागा भरलेला नकाशा आणि स्वतः रचलेला नकाशा म्हणूनच एका मापाने मोजू नयेत.

हा नकाशा बोर्डाच्या परीक्षेत आणा, असे मी म्हणत नाही. उलट, तो तिथे नकोच. तो तिथे गेला की पुढच्या वर्षी गाईडमध्ये तयार नकाशे छापून येतील आणि मुले ते रेषांसकट पाठ करतील. त्याची जागा आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकवता शिकवता वर्गात होणाऱ्या तपासणीत आहे. आधी ‘पाऊस’ किंवा ‘बाजार’ अशा सोप्या विषयावर मुलांना नकाशा काढायला शिकवावे, नाहीतर विषयाऐवजी नकाशा काढण्याचे कसबच तपासले जाते. साठ मुलांच्या वर्गात दोघादोघांनी मिळून एक नकाशा काढला तरी चालतो. शिक्षकाने फक्त रेषांवरचे शब्द वाचावेत. ज्या मुलाला लिहिणे जड जाते, त्याने आपला नकाशा तोंडी वाचून दाखवावा.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला माझी विनंती आहे की शिक्षक प्रशिक्षणात एक सत्र या कामाला द्यावे, आणि तिथे भाषणाऐवजी शिक्षकांनाच एखाद्या धड्याचा नकाशा काढायला बसवावे. बालभारतीनेही स्वाध्यायातल्या संकल्पनाचित्रांमध्ये निदान काही ठिकाणी चौकटी भरून द्याव्यात आणि रेषांवरची जागा मुलांसाठी रिकामी ठेवावी.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका